मास्तरांनाही प्रश्न पडू द्या!

मुलांनी विचार कसा करावा, हे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ. पण मास्तरांना विचार करायला कोण शिकवतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. मास्तर म्हणजे उत्तरांची भरलेली पेटी, ही आपली ठाम समजूत! मी कित्येक वर्षे शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत वावरतो आहे. नव्या पद्धतींवरील व्याख्याने शिक्षक इमानाने वहीत उतरवून घेतात, आणि ती वही पुढे शाळेच्या कपाटात सुखाने झोप घेते, असा माझा अनुभव आहे.

यावर एक चांगला उपाय मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) सापडला. तेथे १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. १९७८ साली तो जिल्हाभर पसरला. दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक मदतीला आले. पण व्याख्याने झोडायला नव्हे! उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकच विद्यार्थी होऊन बसत आणि मुलांनी करायचे प्रयोग आधी स्वतः करून पाहत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात तयार उत्तरे नसत, प्रश्न असत. परीक्षेत मुलांना पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती! पाठांतराची सद्दी तिथेच संपली.

हीच युक्ती मी माझ्या वर्गात योजतो. एक साधे टेबल आणि एक जुनी लाकडी मीटरपट्टी. “प्रत्येकाने लांबी मोजा आणि शेजाऱ्याला न सांगता लिहा.” फळ्यावर आकडे मांडले, की कुजबुज सुरू होते. एकाच टेबलाच्या सात-आठ लांब्या!

“सर, यातले खरे उत्तर कोणते?”

“तेच तर शोधायचे आहे.”

मग तर्क धावू लागतात. पट्टी उचलून पुढे ठेवताना घसरली असेल. कोणी तिरके पाहिले असेल. एक बाई पट्टी निरखून म्हणाल्या, “हिचे टोकच झिजले आहे. शून्याऐवजी दहाच्या रेघेपासून मोजले तर?” एका मास्तरांना दोरा सुचला. दोन्ही उपाय एकदम करायला सगळे निघाले, तेव्हा मागच्या बाकावरचे एक वयस्क गुरुजी म्हणाले, “थांबा! दोन्ही एकदम केले, तर फरक कशाने पडला ते कळणार कसे?”

वाचकहो, सारे मर्म यातच आहे. बाईंना सुचले ती कल्पकता. गुरुजींनी थांबवले ती शिस्त. कल्पकता वाट काढते, शिस्त ती वाट खरी की खोटी हे पारखते. एकीवाचून दुसरी पांगळी. आणि या दोन्ही गोष्टी ऐकून येत नाहीत. पोहण्यासारख्या पाण्यात उतरूनच येतात. शिवाय त्याला खर्च फार लागतो असेही नाही. होशंगाबादेत १९७८ साली अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या ‘आयुका’मध्येही त्यांनी अशीच खेळणी मुलांच्या हाती दिली.

होशंगाबादचा उपक्रम सरकारने २००२ साली बंद केला. तीस वर्षांचे काम कागदाच्या एका फटकाऱ्याने थांबू शकते, ही गोष्ट मनाला लागते. अशा कामाला शाळेबाहेरचा पाठिंबा हवा, आणि तो तुम्हां-आम्हां पालकांनीच द्यायचा असतो. उद्या तुमची मुलगी घरी येऊन म्हणाली, “बाईंना उत्तर येत नव्हते. त्या म्हणाल्या, आपण करून पाहू,” तर लगेच मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन धावू नका. अशा बाई मिळायला भाग्य लागते. मुलीला एवढेच विचारा : “मग, करून पाहिल्यावर काय निघाले?”