पाणी, पट्टा आणि परगावची माणसे

स्थलांतरितांनी विकासाला काय दिले असा प्रश्न निघाला की आपल्याकडचे बोलणे बहुधा मनिऑर्डरीपाशी येऊन थांबते. कोकणातला चाकरमानी मुंबईहून गावी जे धाडीत असे, तेच आज दुबईतला गवंडी आणि अमेरिकेतला अभियंता बँकेमार्फत धाडीत असतो. परदेशस्थांकडून भारतात येणारी ही रक्कम अलीकडे वर्षाला शंभर अब्ज डॉलरांच्या वर गेली असून एवढी रक्कम जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाच्या वाट्याला येत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये शाश्वत विकासाची जी सतरा उद्दिष्टे ठरविली, त्यांतही असा पैसा घरी पाठविण्याचा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणावा असे एक कलम आहे. कलम योग्यच आहे. परंतु गाव सोडलेला माणूस मागे काय धाडतो याचा हिशेब जितक्या काळजीने ठेवला जातो, तितक्या काळजीने तो जिथे राहिला तिथे त्याने काय उभे केले याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. २०११ च्या जनगणनेत आपले पूर्वीचे राहते ठिकाण सोडून आलेले सुमारे ४५ कोटी लोक आढळले, आणि त्यांतल्या फारच थोड्यांनी समुद्र ओलांडला होता.

भोपाळचे जुने दप्तर उघडून पाहिले तर ही दुसरी बाजू पानोपानी दिसते. ज्या तळ्याच्या काठी हे शहर आहे ते अकराव्या शतकात परमार राजा भोजाने कोलांस नदीला मातीचा बांध घालून निर्माण केले, अशी परंपरा आहे. पण आजच्या भोपाळचा पाया घालणारा दोस्त मोहम्मद खान हा खैबरच्या बाजूच्या तिराह मुलखातून शिपाईगिरी करीत माळव्यात उतरलेला पठाण होता. औरंगजेबानंतरच्या बेबंदशाहीत त्याने बेरसिया परगणा इजाऱ्याने घेतला आणि पुढे गोंड राणी कमलापतीच्या मुलखावर आपला अंमल बसविला. हे सारे न्यायनीतीला धरून झाले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मराठेही येथे प्रथम आले ते वस्तीला नव्हे: १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळातच कोंडले आणि पुढच्याच महिन्यात दोराह्याचा तह त्याच्या गळी उतरविला. तथापि या उपऱ्या पठाण घराण्याच्या राज्यात पाण्याच्या बाबतीत जे घडले ते सात पिढ्यांच्या वतनदारालाही भूषणावह ठरावे. दिवाण छोटे खान याने १७९४ मध्ये दुसरा बांध घालून धाकटे तळे करविले. आणि १८१९ मध्ये ऐन तारुण्यात वैधव्य येऊन जिने राज्याची सूत्रे हाती घेतली त्या कुदसिया बेगमेने उतारवयात स्वतःच्या पैशाने शहरात नळाचे पाणी आणविले. मोठ्या तळ्याचे पाणी भोपाळ आजही पिते. दोन्ही तळी मिळून २००२ पासून रामसर करारान्वये संरक्षित पाणथळ म्हणून नोंदली गेली आहेत.

मराठी माणसाचे या शहराशी टिकाऊ नाते जडले ते १ नोव्हेंबर १९५६ पासून. त्या दिवशी जुना मध्य प्रदेश मोडला, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले, नागपूरची राजधानी संपली, आणि महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ हे चार मुलूख जोडून झालेल्या नव्या राज्याचे सचिवालय भोपाळात आले. फडक्यांत बांधलेल्या मिसलींबरोबर कारकून, लघुलेखक, मुनीम आले. कोणी नागपूर-जबलपूरचे, तर कोणी ग्वाल्हेर-इंदूरचे, ज्यांच्या घरी शिंदे-होळकरांच्या चाकरीपासून मराठी बोलली जात होती. शहर लहान, राहायला जागा नाही; तेव्हा सरकारने माळावर क्वार्टरांच्या रांगा उठविल्या, आणि जितकी घरे बांधली तितका आकडा हेच त्या वस्तीचे नाव होऊन बसले. आजही रिक्षात बसून ‘ग्यारह सौ क्वार्टर’, ‘बारह सौ पचास’ किंवा ‘चौहत्तर बंगले’ एवढे म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारीत नाही. राजधानीच्या नव्या वसाहतीला नाव मिळाले ते मात्र येवल्याच्या तात्या टोप्यांचे, आणि १९५७ पासून राज्यपालपदी आलेले हरि विनायक पाटसकर हेही मराठीच.

या कारकुनी स्थलांतराचे पोवाडे कोणी गाणार नाही. परंतु चार मुलखांचे चार निराळे महसुली कायदे मोडून १९५९ ची एकच भू-राजस्व संहिता जेव्हा अमलात आली, तेव्हा तिचे नमुने, नकला, फेरफार आणि फैसले यांचे डोंगर ज्यांनी उपसले ती ही क्वार्टरांतली माणसे होती. शेतकऱ्याच्या नावावर जमीन नीट चढणे यासारखी टिकाऊ गोष्ट विकासात दुसरी क्वचितच असेल. आणि ती ज्याला जमली तो कारकून स्वतःच्या नोकरीची आणि घराची खात्री झाल्यामुळेच ती करू शकला, असे मला वाटते.

त्याच सुमारास शहराच्या पूर्वेस इंग्रजी कंपनीच्या साहाय्याने अवजड विजेच्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला. १९६० च्या नोव्हेंबरात नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या कारखान्याने, म्हणजे आजच्या भेलने, केरळापासून बंगालपर्यंतची माणसे पिपलानी आणि बरखेड्यात आणून वसविली. त्यांच्या हातच्या जलचक्क्यांवर कोळसा न जाळता वीज निघाली. अर्थात अशा विजेचा शाश्वतपणा कोणाच्या उंबऱ्यावर उभे राहून पाहतो त्यावर ठरतो. नर्मदेवरच्या इंदिरासागर धरणापायी २००४ मध्ये अवघे हरसूद गाव पाण्याखाली गेले.

माळव्यातल्या मराठी घरांनी दिलेले आणखी एक देणे दगडावरचे आहे. नीमचला जन्मलेल्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये भोपाळजवळच्या भीमबेटकाची चित्रे प्रकाशात आणली, आणि २००३ मध्ये तो डोंगर जागतिक वारशात गेला.

भोपाळच्या बैरागडची हकीकत आपल्याकडच्या उल्हासनगरसारखीच आहे. महायुद्धात इटालियन कैद्यांसाठी उभारलेल्या तेथल्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले. डोक्यावर छप्पर होते, मागे टाकलेल्या मिळकतीबद्दल भरपाई मिळण्यास १९५४ चा कायदा होता, आणि एवढ्या भांडवलावर त्यांनी कापडाची अशी पेठ जमविली की आसपासच्या जिल्ह्यांचे दुकानदार माल भरायला तिथे येऊ लागले. पुढे संत हिरदाराम यांच्या प्रेरणेने तेथे शाळा व रुग्णसेवेच्या संस्था निघाल्या, आणि बैरागडाला आता त्यांचेच नाव आहे.

आतापर्यंतच्या या सर्वांना शहराने काही ना काही लिहून दिले होते. ज्यांना दिले नाही, ते हमाल, रेल्वेचे मजूर, विड्या वळणाऱ्या बायका खेड्यांतून येऊन युनियन कार्बाइड कारखान्याच्या कुंपणासमोर जयप्रकाश नगरात आणि त्याच्या आसपास राहिले, कारण तिथून त्यांना उठविणारे कोणी नव्हते. १९८४ मध्ये राज्याने भूमिहीनांसाठी कायदा केला, आणि त्या वर्षीच्या १० एप्रिलला जो ज्या जागेवर असेल त्याला पन्नास चौरस मीटरपर्यंतचा पट्टा, म्हणजे त्या जागेचा लेखी हक्क, देण्याचे ठरले. कायदा दयाळू होता. पण जागा राहण्याजोगी आहे काय, हे त्यात कोणी पाहिले नाही, आणि २ डिसेंबरच्या रात्री कारखान्यातला विषारी वायू प्रथम शिरला तो याच झोपड्यांत. त्यानंतर शहराच्या स्वच्छतेची मोठी लढाई लढली तीही याच वस्त्यांनी. एके काळी विड्या वळून पोट भरणारी रशीदा बी आणि तिची सहकारी चंपादेवी शुक्ला यांना २००४ मध्ये पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती रक्कम त्यांनी गॅसपीडितांच्या अपंग मुलांसाठी ‘चिंगारी’ न्यास काढण्यात घातली. दूषित भूजलाच्या वस्त्यांना नळाचे शुद्ध पाणी द्यावे हा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूमही त्याच वर्षीचा. कुदसिया बेगमेने जे आपण होऊन दिले, ते या बायकांना भांडून मिळवावे लागले.

आजचे भोपाळ बांधणारे झाबुआचे भिल्ल आणि बुंदेलखंडातले शेतमजूर सकाळी चौकाचौकांतल्या पीठ्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, थापी-घमेले घेऊन उभे असतात. शिधापत्रिका आता परगावीही चालते, ही मोठीच सोय झाली. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन मजुरांसाठी निधी उभारण्याची तजवीजही १९९६ च्या कायद्याने झाली. मात्र त्याचा लाभ घ्यायचा तर मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ज्याचा धनी रोज बदलतो त्याने त्या दाखल्यावर सही कोणाची आणावी, हे पीठ्यावर विचारले तर कोणालाच सांगता येत नाही.