साडेचार मिलिग्रॅमचा संप

चिंचवड स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात परवा एक चिठ्ठी पाहिली : नाल्ट्रेक्सोन, ४.५ मिलिग्रॅम, रात्री झोपताना. दुकानदाराने फळीवरून ५० मिलिग्रॅमची पट्टी काढली, चिठ्ठी पुन्हा वाचली आणि डॉक्टरांना फोन लावला. एका गोळीचे अकरा तुकडे कोण करणार?

या औषधाची ओळखच मुळी मोठ्या मात्रेची. पेशींवर अफूच्या जातीच्या द्रव्यांना बसायला जागा असतात. त्या हे अडवून ठेवतं. मग वर गर्द ओढला तरी नशा चढत नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये अफू-गर्दच्या व्यसनासाठी त्याला मान्यता मिळाली, दारूच्या व्यसनासाठी १९९४ मध्ये. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं १९८६ मध्ये, गर्दची लाट असतानाच.

घोळ घातला तो उंदरांनी. पेनसिल्व्हेनियात संशोधक इयान झॅगन यांना १९८३ मध्येच दिसलं होतं, की मोठी मात्रा दिलेल्या उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी लवकर वाढतात आणि अगदी थोडी दिली तर त्या रोखल्या जातात. फरक वेळेचा. मोठ्या मात्रेने जागा दिवसभर अडतात, छोटीने चार-सहा तास. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या भाषेत, एक टाळेबंदी आणि दुसरा लाक्षणिक संप. तर्क असा : गेट थोडा वेळ बंद राहिलं की शरीर हादरतं, स्वतःचं अफूसारखं द्रव्य, म्हणजे एंडॉर्फिन, वाढवतं, बसायच्या जागाही वाढवतं. सकाळी गेट उघडतं तेव्हा हा वाढीव माल कामी येतो. न्यूयॉर्कचे डॉ. बर्नार्ड बिहारी हे औषध रात्री द्यायचे, ते याच हिशेबाने.

पुढे दुसरा तर्क आला : मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींचा दाह यानं निवतो. स्टॅनफर्डला २००९ मध्ये फायब्रोमायाल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखत राहणाऱ्या, दहा बायकांना दिलं, दुखणं कमी झालं. मग बोलबाला. २०२४ मध्ये डेन्मार्कात ९९ बायकांवर ६ मिलिग्रॅमची चाचणी झाली, तेव्हा वेदनेत खोट्या गोळीपेक्षा ठोस फरक निघाला नाही. संपाची उपमा मला फार आवडते, म्हणूनच तिच्यावर माझा भरवसा कमी.

इकडे दुकानात फोनवर तोडगा निघाला. गोळी ५० मिली पाण्यात विरघळवायची, सिरिंजने साडेचार मिली घ्यायचं. दुकानदाराने सिरिंजवरची रेघ नखाने दाखवली आणि सहज विचारलं, "दुखण्यावर आणखी काही चालू आहे का, दादा? ट्रॅमाडॉल वगैरे? ते असेल तर हे घ्यायचं नाही. त्याच जागा अडतात, अंगावर उलटेल."

चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून ती चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाने खिशात हात घातला आणि अर्धी संपलेली एक पट्टी काउंटरवर ठेवली.