बाळाची लोकर : धुवायची कशी, ठेवायची कशी

दिवाळी सरली. पहाटे अंगणात सडा टाकताना आता बोटं गारठतात. ट्रंकेतले लोकरीचे कपडे बाहेर काढायचे हे दिवस. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, किंवा येत्या दोन-चार महिन्यांत यायचं आहे, त्यांनी आज जरा कान देऊन ऐका. बाळाचं स्वेटर, टोपडं, मोजे धुवायचे कसे आणि ठेवायचे कसे, हा आजचा विषय. वाटतो छोटा, पण यात एक गोष्ट बाळाच्या जिवाशी खेळणारी आहे. ती मी शेवटी सांगणार आहे.

आधी माझी फजिती सांगते. माझी थोरली दोन महिन्यांची होती. आईनं रात्री जागून तिच्यासाठी हिरव्या लोकरीचं स्वेटर विणलं. एक दिवस पोरीनं दूध बाहेर टाकलं, स्वेटर भरलं. मी चुलीवरचं कढत पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, दगडावर खसाखसा घासलं, पिळलं आणि तारेवर लटकवलं. संध्याकाळी काढते तर काय, बाहुलीला बसेल एवढंच राहिलेलं! आई आली तेव्हा रागावली नाही. एवढंच म्हणाली, “अगं, लोकर म्हणजे केस. केसांना कुणी सोडा लावतं का?”

मैत्रिणींनो, सगळं गणित त्या एका वाक्यात आहे. लोकर म्हणजे मेंढीचे केस. भिंगातून पाहिलं तर त्या केसावर माशासारखे बारीक खवले दिसतात. गरम पाणी, सोडा आणि घासणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात. लोकर आटते, घट्ट होते, आणि पुन्हा कधी सुटत नाही. बुरणूस करतात तो असाच, ओली लोकर दाबून, मळून. म्हणून बुरणुसाला जे करतात, ते बाळाच्या स्वेटरला करायचं नाही.

आता पहिली गोष्ट, तुमच्याकडची लोकर खरी आहे का? बाजारात ‘बेबी वूल’ म्हणून जे गुंडे मिळतात, त्यातले पुष्कळसे ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. ओळखायचं सोपं आहे. एक छोटा धागा चिमट्यात धरून बाळापासून लांब, दिव्यावर जाळा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटानं चुरली, तर ती लोकर. धागा वितळून कडक गोळी झाली, तर कृत्रिम. कृत्रिम धागा आटत नाही, पण गरम इस्त्रीनं सैल पडतो आणि विस्तवाजवळ वितळून अंगाला चिकटतो. आपल्याकडे अंघोळीनंतर बाळाला शेगडीजवळ नेतात. असे कपडे घालून तर मुळीच नेऊ नका.

आता धुणं. रोज धुवायची गरज नाही. आत सुती झबलं घाला, वरून स्वेटर. मालिशचं तेल आणि घाम झबलं घेतं, स्वेटर स्वच्छ राहतं, आणि बाळाच्या अंगाला लोकर टोचतही नाही. दूध सांडलं तर लगेच गार पाण्याच्या फडक्यानं टिपून घ्या. गरम पाण्यानं दुधाचा डाग बसतो.

धुवायचंच झालं, तर आदल्या रात्री पाच-सहा रिठे फोडून, बिया काढून, लिटरभर पाण्यात भिजत घाला. सकाळी कुस्करा आणि गाळून घ्या. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस येत नाही, उलट पांढरा थर कपड्यावर बसतो. रिठ्याचं तसं होत नाही. रिठा नसेल तर डोक्याला लावायचा साधा शाम्पू थोडासा चालेल. सोडा नको, धुण्याची वडी नको आणि ब्लीच तर नकोच. ब्लीचमध्ये लोकर चक्क विरघळते. डाग खाणाऱ्या पावडरीही लोकर खातात. रिठ्याचं पाणी डोळ्यांना झोंबतं, तेव्हा बाळापासून दूर ठेवा.

घमेल्यात पाणी घ्या. हात घातला तर गरम लागू नये, इतपतच. कपडा उलटा करून बुडवा, दहा मिनिटं राहू द्या आणि तळव्यानं हलकेच दाबा. घासायचं नाही. मग तेवढ्याच उष्णतेच्या पाण्यात दोन-तीनदा खळबळा. गरमातून एकदम गार पाण्यात टाकलं तरी लोकर आटते. रिठा पुरता निघाला पाहिजे, नाहीतर बाळाच्या कातडीला खाज सुटते.

पिळायचं नाही! ओली लोकर कमजोर असते आणि पाण्यानं जडही होते. दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला. कोरड्या पंच्यात गुंडाळी करा आणि दाबा, पंचा पाणी ओढून घेईल. मग बाजेवर दुसरा पंचा अंथरून त्यावर कपडा आडवा पसरा, हातानं मूळ आकारात आणा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवा. तारेवर टांगलं की बाह्या लोंबतात.

एक लक्षात ठेवा, वरून कोरडं लागलं तरी लोकर आत ओल धरते. काखेत आणि शिवणीत हात घालून बघा. ओलसर स्वेटर घातलं तर बाळाला ऊब मिळायची सोडून त्याचं अंग गार पडतं. म्हणून दोन जोड असलेले बरे.

वाळल्यावर मोजे आणि हातमोजे उलटे करून सुटे धागे कापा. असा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर बोटाचं रक्त थांबतं. बाळ उगाच किंचाळून रडत असेल तर मोजे काढून एकेक बोट बघा. टोपड्याच्या लांब नाड्याही गळ्याभोवती नकोत, त्या काढून टाका.

आता ठेवणं, आणि ती महत्त्वाची गोष्ट. लोकरीला कसर लागते. कसरीचं पाखरू लोकर खात नाही, त्याची अळी खाते. दुधाचा, घामाचा, तेलाचा डाग असेल तिथे ती आधी लागते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी कपडे धुऊन, पुरते वाळवून, सुती कापडात बांधून ठेवा. सोबत सुकवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाच्या कांड्यांची पुरचुंडी ठेवा. नुसत्या पाल्यावर मात्र विसंबू नका. महिन्यातून एकदा कपडे काढून झटका, थोडा वेळ ऊन दाखवा.

पण डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नका! काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो. बाहेरून ते कळत नाही. अशा बाळाला या गोळ्यांचा वास किंवा त्यांत ठेवलेले कपडे लागले, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बाळ पिवळं पडतं, आणि कावीळ फार वाढली तर मेंदूला इजा होते. नवजात बाळाला पहिल्यांदा जुने कपडे घालायची आपली रीत आहे. रीत चांगली आहे, जुना कपडा मऊ असतो. पण थोरल्या जावेच्या ट्रंकेतून आलेलं टोपडं आधी नाकाला लावा. गोळीचा वास आला तर धुवा, काही दिवस बाहेर वाऱ्यावर टाका. वास पुरता गेल्याशिवाय बाळाला घालू नका. बाळाचे डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी झाली, बाळ मलूल पडलं किंवा दूध ओढेना, तर अंगारा-धुपारा करत बसू नका. आशाताईंना सांगा आणि लगेच दवाखाना गाठा. कपडे गोळ्यांत होते, हेही डॉक्टरांना सांगा. घरात गोळ्या असतील तर रांगत्या पोराच्या हाती लागू देऊ नका, ती गोड गोळी समजून तोंडात घालतात.

तर मैत्रिणींनो, दुसरं काही विसरलात तरी एवढं ध्यानात ठेवा. लोकर म्हणजे केस. बाळाचं डोकं जसं धुता, तसंच स्वेटर धुवा. कोमट पाणी, रिठा, हलका हात आणि सावली. आणि गोळ्यांना रजा.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं घरची ट्रंक उघडून पाहिली का, ते एकमेकींना विचारा. गटात कुणी बाळंतीण असेल, तर तिच्या घरी जाऊन सांगा, तिला बैठकीला यायला जमत नसेल. ते आटलेलं हिरवं स्वेटर अजून माझ्याकडे आहे. नातीच्या बाहुलीला अगदी बरोबर बसतं. येते, नमस्कार.