तारकर्लीच्या सहलीआधी हे वाचा

मैत्रिणींनो, रहाटणीच्या गटांची सहल तारकर्ली-देवबागला काढायचं घाटतंय. मालवणजवळची ही छोटी गावं. देवबागला तर एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र.

आपण फेसाळ लाटांना घाबरतो. खरा धोका मात्र दोन फेसांमधल्या शांत, गडद पट्ट्यात असतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच आत परततं, माणसालाही ओढतं. सर्फिंगवाले याच ओढीने फुकटात आत जातात. पण त्यांच्याकडे फळी असते, आपल्या अंगावर ओली साडी!

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झटू नका, दमाल. तरंगत राहा, हात वर करा; पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर सरका. मैत्रीण बुडताना दिसली तर मागे उडी नको, दोरी किंवा रिकामा कॅन फेका. 2016 साली मुरूडला पुण्याहून सहलीला गेलेली डझनाहून जास्त कॉलेजची मुलं बुडाली. ओहोटीची वेळ तिथल्या कोळ्यांना विचारूनच पाण्यात पाय टाका.