कृश देहातील मधुमेह

इंदूर नगरीची खाद्यरसिकता सर्वश्रुत आहे. येथे सकाळ उजाडते ती पोहे-जिलबीने. आणि रात्री सराफांच्या पेढ्या मिटल्या की त्यांच्याच दारांशी भुट्ट्याचा कीस, मालपुवा आणि रबडी यांची दुकाने मांडली जातात. अशा नगरीत कोणास मधुमेह जडला, तर त्याचे खापर जिभेच्या चोचल्यांवर आणि सुटलेल्या पोटावर फुटणे स्वाभाविक होय. परंतु गोडधोडास क्वचितच शिवणारा, अंगाने शिडशिडीत असा गृहस्थही जेव्हा याच व्याधीने ग्रासलेला आढळतो, तेव्हा घरची मंडळी बुचकळ्यात पडतात. पुष्कळदा तर त्याच्या अंगकाठीकडे पाहूनच रक्ताची तपासणी लांबणीवर टाकली जाते, आणि निदान होईतो डोळे, मूत्रपिंडे वा पायांतील मज्जातंतू यांना इजा पोहोचलेली असते.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्याने देशभर झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. युरोपीय लोकांच्या तुलनेने भारतीयांना हा रोग कमी वयात आणि कमी वजन असतानाही गाठतो. प्रमेहाचे रोगी स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे असतात, हे चरकाने प्राचीन काळीच नमूद करून ठेवले आहे. मग कृश माणसाच्या देहात असे काय बिघडते? या प्रश्नाच्या उत्तराचा महत्त्वाचा भाग पुणे जिल्ह्यातील खेड्यांत आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत हाती आला. तो समजून घेण्यासाठी आधी इन्सुलिनची कथा थोडक्यात पाहिली पाहिजे.

शरीरात काही ग्रंथी अशा आहेत, की त्यांचा स्राव नलिकेवाटे न वाहता सरळ रक्तात मिसळतो. या स्रावांतील द्रव्ये म्हणजे संप्रेरके, अर्थात हॉर्मोन्स. स्वादुपिंडातील लहान लहान पेशीपुंजांतून स्रवणारे इन्सुलिन हे त्यांपैकीच एक. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंनी आणि चरबीच्या पेशींनी आत घ्यावी, यकृताने ती साठवावी, अशी आज्ञा इन्सुलिन देते. ही आज्ञा क्षीण झाली, किंवा ऐकणारे बहिरे झाले, म्हणजे साखर रक्तातच साचून राहते.

स्वादुपिंडाचा मधुमेहाशी असलेला संबंध १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी दाखविला. त्यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्याला मधुमेह झाला. पुढे १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्सन नावाच्या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास तो टोचण्यात आला. पहिल्या टोचणीचा अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. काही दिवसांनी शुद्ध केलेला अर्क मिळाल्यावर मात्र मुलाच्या रक्तातील साखर उतरली. तो त्यानंतर १३ वर्षे जगला.

इन्सुलिन टोचता येऊ लागले, तरी रोग्याच्या रक्तात स्वतःचे इन्सुलिन किती आहे, हे मोजता येत नव्हते. त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म असते, की रसायनशाळेतील नेहमीचे तराजू तेथे निरुपयोगी ठरतात. ही अडचण न्यूयॉर्कमधील रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास दूर केली. इन्सुलिनला पकडून ठेवणारी प्रतिपिंडे ठरावीक प्रमाणात घ्यावयाची, त्यांत किरणोत्सारी इन्सुलिनची ठाऊक असलेली मात्रा मिसळावयाची, आणि मग रोग्याचे रक्तद्रव घालावयाचे. दोन्ही इन्सुलिने एकाच जागेसाठी झगडतात. रोग्याचे इन्सुलिन जितके अधिक, तितके किरणोत्सारी इन्सुलिन प्रतिपिंडांवरून हुसकले जाते. आणि किती हुसकले गेले, हे किरणोत्सारावरून मोजता येते. या कार्याबद्दल यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तत्पूर्वीच, १९७२ मध्ये, निवर्तले होते.

या मापनाने एक रूढ समजूत मोडली. प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेक रोग्यांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून उलट अधिक असल्याचे दिसून आले. म्हणजे आज्ञा जोरात सुटत होती. शरीर ती मानीत नव्हते. या अवस्थेस इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. पोटाच्या आत, अवयवांभोवती साचलेली चरबी या प्रतिरोधाला विशेष पोषक ठरते. लठ्ठ माणसाच्या बाबतीत एवढ्याने उलगडा होतो. परंतु कृश माणसाचे कोडे शिल्लकच राहते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी या कोड्याचा माग थेट जन्मापर्यंत नेला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांच्या सहकार्याने १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत त्यांनी पाहणी सुरू केली. गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांची वजने, आहार आणि श्रम यांची नोंद झाली, आणि बाळ जन्मताच त्याचे वजन, लांबी, पोटाचा घेर, त्वचेच्या घडीची जाडी ही मापे घेण्यात आली. येथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले. साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोग्रॅम होते. एवढी लहान बाळे सर्वच बाबतींत लहान असावीत, अशी अपेक्षा असते. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव खरोखरच लहान होते. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. पुढे पुण्यातील आणि लंडनमधील नवजात बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना झाली. तिचा अहवाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याची बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाण अधिक आढळले. दिसावयास बारीक, परंतु घडणीने मेदयुक्त असा हा देह मातेच्या उदरातच आकार घेतो, असा याचा अर्थ होतो.

प्रौढपणीही हेच चित्र कायम राहते, हे दाखविण्यासाठी याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. ज्या वजनावर युरोपीय माणूस निर्धास्त राहू शकतो, त्याच वजनावर भारतीयाने सावध असावयास हवे, हे त्या एका चित्राने पटवून दिले.

गर्भातील ही घडण कशाने ठरते? मातेचे अपुरे पोषण हे एक कारण समोर आले. या खेड्यांतील गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत ब१२ जीवनसत्त्वाची उणीव होती. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. शाकाहारी घरांत ते मुख्यतः दूधदुभत्यातून येते, आणि घरात दूध थोडे असले की स्त्रीच्या वाट्याला ते शेवटी येते. हीच मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या मातांत फोलिक आम्ल भरपूर पण ब१२ कमी होते, त्यांच्यात इन्सुलिन-प्रतिरोध सर्वांत अधिक आढळला. असा संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे होत नाही. म्हणूनच २०१२ मध्ये पुढचा प्रयोग हाती घेण्यात आला. त्याच खेड्यांत वाढलेल्या तरुण मुलामुलींना लग्नापूर्वीपासून ब१२ ची अल्प मात्रा देऊन त्यांच्या अपत्यांच्या नाळेतील रक्ताचा अभ्यास करण्यात आला.

या सर्व संशोधनातून व्यवहाराला उपयोगी असे काही निश्चित हाती लागते. वजनकाटा निर्धास्त करीत असला, तरी कमरेचा घेर मोजावा. आईवडिलांपैकी कोणास मधुमेह असेल, तर शिडशिडीत माणसानेही तिशीनंतर रक्तातील साखर तपासून घ्यावी. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी पहिल्याच भेटीत, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान व्हावयास हवी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यावर दोन तासांनी रक्तातील साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरली, तर उपचार सुरू करावे लागतात.

सराफ्यातील मालपुव्याला आवर घालणे हितावह आहेच. परंतु घरातील वाढत्या मुलीच्या ताटात डाळ आणि वाटीत दूध-दही पुरेसे पडते की नाही, हे पाहणे त्याहूनही अगत्याचे आहे. कारण त्या ताटाशी पुढच्या पिढीच्या आरोग्याचीही गाठ आहे.