मातीतील हिरवी राखण

काशीच्या अहिल्याबाई घाटावर उभे राहिले म्हणजे मराठी माणसाला आपल्या मुलखाची आठवण होते. हा घाट बांधविणाऱ्या अहिल्याबाई होळकर यांचा जन्म 1725 मध्ये चौंडीला झाला. त्या कोरडवाहू मुलखात आजही हरभरा आणि तूर पिकते. आणि तेथील शेतकऱ्याला ज्या रोगाचे भय वाटते, त्याचे नाव आहे 'मर'.

हिरवेगार झाड चार दिवसांत माना टाकते. ते उपटून खोड उभे चिरले, तर आत तपकिरी रेघा दिसतात. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरून पाण्याच्या नळ्या बंद करते. पिकावाचूनही हरभऱ्याची ही बुरशी जमिनीत सहा वर्षे तग धरते. वरून औषध फवारून तिचा नायनाट होत नाही.

मात्र त्याच मातीत तिचा वैरीही नांदतो. ट्रायकोडर्मा हे त्या हिरव्या बुरशीचे नाव. 1932 मध्ये वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ती रोगकारक बुरशीच्या तंतूंवर चढाई करून त्यांवरच जगते. ती शत्रूच्या तंतूला विळखा घालते, पाचक रस सोडून त्याची भिंत विरघळविते, मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावते आणि झाडाची प्रतिकारशक्तीही जागी करते. काशी हिंदू विश्वविद्यालयात या बुरशीवर पुष्कळ संशोधन झाले आहे.

तिचा उपयोग सोपा आहे. पेरणीपूर्वी एक किलो बियाण्यास सुमारे 5 ग्रॅम भुकटी चोळावी व बी सावलीत सुकवावे. जमिनीत द्यावयाची तर हेक्टरी सुमारे 5 किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पसरावी. ती सजीव आहे, हे विसरू नये. कडक उन्हात ठेवलेली किंवा मुदत संपलेली भुकटी निरुपयोगी ठरते. रासायनिक बुरशीनाशकात ती कालवली, तर शत्रूबरोबर मित्रही मरण्याचा धोका असतो.

तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा मात्र नको. वाळू लागलेले झाड ती वाचवू शकत नाही. म्हणून पिकांची फेरपालट हवी आणि वाणही मर रोगाला दाद न देणारे हवे. चौंडीच्याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हरभऱ्याचे 'विजय', 'दिग्विजय' यांसारखे वाण दिले आहेत. असे वाण, फेरपालट आणि ही बुरशी, तिन्ही मिळून पिकाची राखण करतात.

गंगेला पूर आल्यावर कोणी घाट बांधावयास घेत नाही. तो आधीच बांधलेला असावा लागतो. बीजप्रक्रियेचेही तसेच आहे. यंदा हरभरा पेरण्यापूर्वी बियाण्यासाठी तेवढी एक घटका अवश्य काढा.