पडलेल्या झाडाचं शिल्प

मंडळी, शिल्प म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगड, ब्राँझ, फार तर शाडूचा गणपती येतो. पण बॉथेलहून सिअ‍ॅटलला गेलं, की ऑलिंपिक स्कल्प्चर पार्कमध्ये एक शिल्प चक्क जिवंत आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना स्पेस नीडलच्या आधी तिथे नेतो!

तेलाच्या टाक्यांच्या जुन्या जागेवर २००७ साली हे पार्क सुरू झालं. तिथे रॉक्सी पेन यांचं ५० फुटी स्टीलचं झाड आहे, चकचकीत आणि देखणं. पण आम्ही म्हणतोय ते मार्क डायन यांचं 'न्यूकम व्हायव्हेरियम'. ८० फुटी काचघरात ६० फूट लांब वेस्टर्न हेमलॉकचा ओंडका आडवा ठेवलेला आहे. हेमलॉक म्हणजे आपल्या वॉशिंग्टनचा राज्यवृक्ष. हे झाड १९९६ मध्ये ग्रीन रिव्हरच्या खोऱ्यात उन्मळून पडलं होतं.

इकडच्या जंगलात पडलेलं झाड वाया जात नाही. जमिनीवर शेवाळ आणि पालापाचोळा इतका दाट असतो की बी रुजणं कठीण. कुजणारं खोड मात्र पाणी धरून ठेवतं, त्यावर रोपं तग धरतात. म्हणून त्याला 'नर्स लॉग' म्हणतात. आपण दाईझाड म्हणू. पुढे खोड संपतं आणि वरची झाडं एका ओळीत, मुळांच्या खांबांवर उभी दिसतात.

डायन यांनी ओंडका कोरला नाही की रंगवला नाही. नेचे, शेवाळ, कीटक यांच्यासकट तो इथे आणला. हिरवट काचेतून जंगलातल्यासारखा उजेड येतो. पाणी आणि दमटपणा माणसांनी सांभाळायचा. टाइल्सवर बुरशी, किडे यांची चित्रं आहेत. भिंग घ्यायचं आणि ओंडक्यावर कोण कोण सापडतं ते बघत बसायचं. मुलं तिथून हलत नाहीत. शाडूचा बाप्पा दीड दिवसात पाण्यात जातो. या ओंडक्याचं विसर्जन आत सावकाश चालूच आहे, आणि त्यातूनच रोपं वाढताहेत.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ते काचघर थेट सर्व्हर रूमसारखं वाटतं. जंगल जे फुकट करतं त्यासाठी इथे यंत्रणा लागते, माणसं लागतात, पैसा लागतो. एवढं करून ते जंगल नाहीच! डायन यांना दाखवायचं होतं तेही हेच. मंडळाच्या वृक्षनिधीत रोपांच्या बरोबरीने पुढच्या पाण्याचा आणि राखणीचा खर्च का धरलाय, हे तिथे पटकन कळतं.

पार्कला तिकीट नाही. काचघर मात्र ठरावीक वेळीच उघडं असतं, तेव्हा वेळ बघूनच निघा.